वगळून वाचलेली ओळ

सांगलीत कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, अर्जनवीस म्हणून मी सव्वीस वर्षे बसतो. माझे शिक्षण दहावीपर्यंतही पुरे झाले नाही. परंतु माझा मसुदा वरून परत आला असे क्वचितच घडले, आणि हे मी येणाऱ्या प्रत्येकास ऐकवत असे. पुढील हकीगत मात्र कोणासही ऐकवलेली नाही.

गतवर्षी विश्रामबागेतून एक गृहस्थ आले. दवाखान्यात विजेची व नळाची कामे पाहणारे, मूळचे तेलंगणातले; मराठी बोलत, परंतु वाचता येत नसे. मुलीच्या दाखल्यावरील जन्मतारीख दुरुस्त करण्यासाठी त्यांना प्रतिज्ञापत्र हवे होते. ‘ईश्वरास स्मरून शपथेवर लिहून देतो’ ही पहिलीच ओळ मी वाचली आणि त्यांनी मला थांबवले.

“साहेब, ही ओळ काढा. आमच्यात शपथ घेत नाहीत.”

ते मेनोनाइट ख्रिस्ती होते. त्यांच्या पंथाचे मूळ पाचेकशे वर्षांपूर्वीच्या युरोपात आहे. बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणत्या वयात, शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही. एवढ्यासाठी त्या लोकांना नदीत बुडवून मारले, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मग मोबाइलवर त्यांनी कॅनडातले, त्याच मुळाच्या दुसऱ्या शाखेचे लोक दाखवले. हटराइट म्हणतात त्यांना. काळे कोट, दाढ्या, शंभर माणसांची एकच पंगत, आणि जमीन कोणा एकाच्या नावावर नाही.

“सातबारा कुणाच्याच नावावर न्हाई? मग तुमचा धंदा बसलाच की, गड्या!” शेजारचा चहावाला मला म्हणाला. तो फौजेतून निवृत्त झालेला. त्यांच्याकडे वळून त्याने विचारले, “आवं, फौज न्हाई, शपथ न्हाई, मग तुमच्यात खरं-खोटं कळतं कसं?”

“रोज खरंच बोलायचं ठरलं, तर एका दिवसापुरतं वेगळं काय सांगणार?”

चहावाला हसला. मीही हसलो.

“काढतो ओळ,” असे म्हणून मी कागद पुन्हा छापला. ओळ काढली नाही. तिच्याविना कागद परत येईल, माझा लौकिक जाईल, असे मला वाटले. आत जाऊन विचारणे मला कमीपणाचे वाटले. वाचून दाखवताना ती ओळ तेवढी वगळली. त्यांनी अधिकाऱ्यासमोर सही केली. गर्दीत तिथेही कोणी काही वाचले नाही.

आठवड्याने ते पुन्हा आले. घरी मुलीने प्रत वाचली होती.

“ओळ आहे, साहेब.”

“नियमच तसा आहे,” मी म्हणालो.

“मग तसं सांगायचं होतं. मी सही केली नसती.”

त्यांना तो कागद मागे घ्यायचा होता. मुलीच्या प्रवेशाला चार दिवस उरले होते. मी परोपरीने विनवले, ते ऐकेनात. अखेर त्यांना घेऊन मी खिडकीशी गेलो. कारकुनाने मानही वर केली नाही.

“शपथ नको तर देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा लिवा. कायद्यातच हाय. इतकी वर्षं बसताय, ठावं न्हाई व्हय?”

अर्ध्या तासात नवा कागद झाला. मुलीला प्रवेश मिळाला. परंतु त्या रविवारी, प्रार्थनेला जमलेल्या दहा-बारा कुटुंबांसमोर उभे राहून, आपल्या हातून शपथेवर सही झाली, अशी कबुली त्यांनी दिली. हे मला त्यांच्याकडूनच पुढे कळले.

“मी फसवले, हे सांगितलेत?” मी विचारले.

“सही माझी होती.”

“मी येऊन सांगतो सगळ्यांना.”

“या ना. रविवारी साडेदहाला असतो आम्ही.”

मी अद्याप गेलेलो नाही. त्यांनी मात्र आपल्यातली दोन कुटुंबे माझ्याकडे पाठवली. माणूस अनुभवी आहे, एवढेच त्यांना सांगितले असावे. मी कागद वाचून दाखवू लागलो, तर दोन्ही घरचे कर्ते म्हणाले, “राहू द्या, साहेब, तुम्ही लिहिलंय ना,” आणि दोघांनीही न ऐकता सह्या केल्या. ते गेल्यावर त्यांच्या प्रती मी तीन-तीनदा वाचल्या.