पायाचा वाटा

लहानपणी तापात माझा उजवा पाय वाळला. त्याचं रडगाणं मी कधी गायलं नाही, कारण हात आणि तोंड दोन्ही चांगले चालत होते, त्यातही तोंड जरा जास्तच. आम्हा मासेमार ढिवरांची टोली चामोर्शीच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे मिळून जाळी टाकायचे आणि पाळीवर मासळीचे ढीग लागायचे. पाण्यात उतरणाऱ्याला एक वाटा, जाळं ज्याचं त्याला एक, आणि ज्याला उतरताच येत नाही त्यालाही एक. हा शेवटचा वाटा माझा. बाप नव्हता. माय मजुरीला जायची, आणि पावसाळाभर भातासोबत आम्हा दोघींना तीच सुकवलेली मासळी पुरायची.

पण खरं सांगते, मला मासळीपेक्षा त्या ढिगाचं अप्रूप होतं. टोलीचे मुखिया ढीग लावताना एकेकाचं नाव घ्यायचे, त्यात माझंही यायचं. पाण्याला पाय न लावता मी तलावाची होते. वाटे झाले की शेजारची काकी आपली टोपली डोक्यावर घ्यायची, तिच्यावर माझी ठेवायची आणि माझ्या घरी आणून टाकायची. कुबडी धरून टोपली नेणं मला जमत नसे.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. वडशाच्या धानगिरणीत हमाली करणारा माझा मामा वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. गिरणीच्या शेठजवळ त्यानं माझ्या नावानं पैसे ठेवलेले होते, हे आम्हाला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला तेव्हाच कळलं. तीनशे रुपये. पोस्टमननं ते आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं मोजले. दिवस मावळायच्या आत टोलीत त्याचे तीन हजार झाले होते.

मायच्या जिवाला घोर लागला. "आता तुहा वाटा जाते पहा," ती म्हणाली. "पैसेवालीले कोन देते?" तिनं पैसे पेटीत घातले, पेटी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात लपवली, आणि मासळीच्या दिवशी मला असं लुगडं नेसवलं की ज्याला लुगड्यापेक्षा ठिगळंच जास्त. मी म्हटलं, माय, हे तर मी कधीच टाकून दिलं होतं. तिनं डोळे वटारले. मी नेसले. भीती मलाही होतीच.

पाळीवर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मान खाली घालून घारी हाकत बसले. वाटे सुरू झाले. माझं नाव यायच्या आधीच काकी बोलली, "भाऊ, औंदा तिले वाटा काऊन? माह्या घरी सात तोंडं हायेत. तिच्या घरी तं नोटा हायेत."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. मुखियांनी तंबाखू थुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग, बाई. पैसा आला का नाई?"

"कायचा पैसा," माय मध्येच बोलली. "भावाच्या तेरवीत उडाला सारा."

माझं डोकं फिरलं. मामाची तेरवी गिरणीवाल्यांनीच केली होती, आम्ही नुसते जेवून आलो होतो. आणि ते लुगडं मला टोचत होतं.

"माय, चूप बस," मी म्हणाले. "आला पैसा. तीनशे आला. पेटीत हाये, पेटी तणसात हाये. पण भाऊ, पैसा आला, पाय नाई आला. कुठी भेटत असन तं सांगा, तीनशे देऊन आनतो, अन् उद्या तुमच्या आधी पान्यात उतरतो. नाई भेटत तं माहा वाटा टाका."

मुखियांनी माझ्या कुबडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमी बी गरीब म्हनूनच देऊन राह्यलो होतो वाटते. चुकलं आमचं." त्यांनी माझं नाव घेतलं आणि ढीग लावला.

काकी रागातच होती. तरी जाताना तिनं माझी टोपली उचलून डोक्यावर घेतली, आणि माझ्या ओट्यावर आणून आदळली. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

पेटीतल्या पैशाचं मी सूत आणलं. पावसाळा आणि हिवाळा ओट्यावर बसून जाळं विणलं, टोलीतल्या कुठल्याही जाळ्याहून मोठं. पुढच्या उन्हाळ्यात ते तलावात पडलं आणि मुखियांनी माझं नाव दोनदा घेतलं. एक पायाचा, एक जाळ्याचा. मी लगेच माझ्या जाळ्याच्या ढिगातली एक मोठी मरळ उचलून काकीच्या टोपलीत टाकली. तिनं मरळीकडे पाहिलं, मग माझ्या दोन टोपल्यांकडे.

"पायाचा वाटा मी नेतो," ती म्हणाली. "जाळ्याचा तुहा तू ने, मालकीनबाई."

मी टोपली कमरेवर घेतली. घर दोनशे पावलांवर होतं. वाटेत चारदा बसले, अर्धी मासळी सांडली, ती परत वेचली, पण नेली. काकी माझ्या ओट्यावर वाट पाहत बसली होती.