धुराड्याची जाळी

आमच्या ह्यांना वेगाचं वेड होतं. कुणाला दारूचं असतं, कुणाला तमाशाचं, ह्यांना वेगाचं. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाला आता कशाला बोल लावतेस? मी लावणार. तेव्हा सगळ्यांनी मला गप्प बसवलं, आता गप्प बसवायला कुणी उरलं नाही.

कल्याणच्या बंदरातून ठाण्याला एका शेठची आगबोट जायची. तिचं इंजिन हे चालवायचे. आगगाडी होतीच, पण खाडीकाठच्या गावांना तिचा काय उपयोग? भाजी, मासळी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं पाण्यावरून जायचं. पुढे ठाण्याच्या एका व्यापाऱ्याने दुसरी आगबोट आणली. ती आमच्या बोटीला मागे टाकायची आणि पुढच्या धक्क्यावरची माणसं आधीच उचलून न्यायची. शेठने ह्यांना बजावलं, बोट पुढे काढ, नाहीतर विकून टाकतो. झालं, ह्यांचं जेवणात लक्ष लागेना.

बोटीवर येण्याआधी हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तिथलं एक त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. इंजिनात काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर सोडली, की ती जाताना धूर ओढून नेते. धूर गेला की भट्टीत ताजी हवा शिरते, आणि आग भडकते. आमच्या बोटीत त्या वाफेची नळी चांगली रुंद होती, वाफ आपली आळसावल्यासारखी बाहेर पडायची. एकदा सकाळी मी चूल फुंकत होते, तर ह्यांनी माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली, हातोडीने तिचं तोंड चेपलं आणि फुंकून पाहिलं. जाळ असा उसळला की वरची भाकरी करपली. माझ्या फुंकणीचं वाटोळं झालं आणि हे हसत सुटले. तसेच तांबटाकडे गेले आणि वाफेच्या नळीला निमुळतं तोंड करून आणलं.

बोट पळायला लागली, पण ह्यांचं समाधान होईना. धुराड्याच्या तोंडावर तारेची एक जाळी असायची. बोटीत लाकडं जाळायची, त्यांच्या ठिणग्या बाहेर उडू नयेत म्हणून ती जाळी. काजळीने ती बुजायची आणि धूर अडायचा. ह्यांनी ती काढली आणि घरी आणून माझ्यापुढे टाकली. म्हणाले, घे, वांगी भाजायला होईल. मीही घेतली. मला काय कळतंय धुराड्यातलं!

मग काय विचारता! ठाण्याची बोट मागे पडू लागली. शेठने ह्यांना फेटा बांधला, आणि हे फेटा बांधून बंदरावर मिरवत होते, जळलं मेलं ते मिरवणं.

माझं माहेर डोंबिवलीच्या खाडीकाठचं. दिवाळीच्या सुमाराला गावचं सगळं गवत कापून काठावर यायचं, त्याच्या गंजी लागायच्या, आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी शिडाच्या पडावांत भरून जायचं. गंजींच्या हद्दीवर शेंदूर लावलेला एक दगड होता. आत जाणाऱ्याने, मग तो पाटील का असेना, चिलीम आणि चकमक त्या दगडापाशी ठेवायची आणि मगच पाऊल टाकायचं. हे बघायला राखणदार असे. त्या वर्षी राखणीला माझा दादा होता.

मी भाऊबिजेला आले होते आणि दादासाठी भाकरी घेऊन गंजींकडे गेले होते. दुपारची वेळ, वारा काठाकडे. दोन्ही आगबोटी वळणावरून आल्या. ह्यांनी वळण तोडायला आमची बोट काठाला लागून काढली. धुराड्यातून ठिणग्यांचा नुसता फवारा उडत होता. काठावरची बाया-माणसं बोट पुढे गेली म्हणून ओरडत होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटलं. बोट ठाण्याकडे गेली. आमच्या भाकऱ्या खाऊन होत नाहीत तोच कडेच्या गंजीतून धूर निघाला. बघता बघता गावाचं वर्षभराचं गवत राख झालं. दादाचे हात कोपरापर्यंत भाजले, आणि त्याची चिलीम मात्र दगडापाशी होती तशीच पडलेली होती. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी पंच बसले आणि ठरलं काय? राखणदाराने आत चिलीम ओढली. दादाला वाळीत टाकला. त्याला बोलूसुद्धा दिलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी तशीच कल्याणला आले. ह्यांना सगळं सांगितलं, म्हटलं, उठा, पंचांपुढे चला. हे खाली मान घालून जेवत राहिले. मग म्हणाले, "बोटीचं नाव आलं तर मी तुरुंगात जाईन. तुझ्या दादाला काय, दोन वर्षांनी जातीत घेतील." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चुलीवरची जाळी उचलली, पदराखाली घेतली आणि पुन्हा माहेरची वाट धरली.

पंचांतल्या सगळ्यांत वडील माणसाच्या ओटीवर मी ती जाळी ठेवली. ही कुठली, कधी काढली, का काढली, सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने जाळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मला वाटलं, सुटला माझा दादा.

"बाय," तो शांतपणे म्हणाला, "ठिणग्या आम्ही पण पाहिल्या. आम्ही काय आंधळे आहोत? पण ही बोट बंद झाली तर ठाण्याची बोट एकटी उरेल, मग आमच्या भाजीला ती मागेल ते भाडं कोण देणार? आणि नवरा तुरुंगात गेला तर तुला कोण पोसणार? तुझ्या भल्याचंच केलं आम्ही."

माझ्या भल्याचं! ती जाळी त्यांनी मला परत दिली नाही. माणसाबरोबर ती ह्यांच्याकडे पाठवली, वर निरोप, की मुकाट्याने जागच्या जागी बसव आणि नळीही आधीसारखी कर.

दादा पुढे कराचीच्या गोदीत जायला निघाला. गावातलं कुणी त्याला होडीत घेईना, वाळीत टाकलेला ना तो. मग राहिली आगबोट. तिथे भाडं देईल तो बसतो, जातपात कोण विचारतंय. मी गावच्या धक्क्यावर गेले. दादाने हातांना फडकी गुंडाळली होती. इंजिनापाशी हे उभे होते, ह्यांनी मान वर केली नाही.

दादा बोटीत बसला, आणि त्याचं लक्ष वर गेलं. धुराड्यावर जाळी होती, वांग्यांनी काळी झालेली, नव्या तारेने घट्ट बांधलेली. काठावरच्या सगळ्यांनी ती पाहिली. ज्यांनी त्याला वाळीत टाकलं तेही तिथेच भाजीच्या पाट्या चढवत होते. दादाने आधी जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला म्हणाला, "बाय, तू जा घरी."

बोट सुटली. ठिणगी उडत नव्हती, आणि वेग तर नावालाही नव्हता. ठाण्याची बोट तिला मागे टाकून कधीच पुढे गेली. दादा माझ्याकडे पाठ करून बसला होता, आणि ती पाठ मला वळणापर्यंत कितीतरी वेळ दिसत राहिली.