तीन बोकडांचं ओझं

नागपूरच्या सदर भागातल्या एका गल्लीत माझा बॅगा शिवायचा लहानसा कारखाना आहे. शाळेची दप्तरं, लॅपटॉपच्या बॅगा, औषधं विकणाऱ्यांच्या बॅगा, असली कामं. गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या माणसामुळे परदेशातल्या एका शिकाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या देशात परवाना काढून डोंगरात हरणांची शिकार करता येते, आणि मारलेलं जनावर कापून, पाठीवर घेऊन गाडीपर्यंत उतरवावं लागतं. त्याला ॲल्युमिनियमच्या फ्रेमची बॅग हवी होती. फ्रेम आणि बॅग यांच्यामध्ये मांस ठेवायची जागा, आणि भार खांद्यांवरून कमरेवर उतरवणारा रुंद पट्टा.

मी बॅग शिवली, तिच्यात रेतीची पोती भरली आणि गच्चीचा जिना चढलो-उतरलो. एक टाका उसवला नाही. मी खुशीत त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तो हसला.

"रेती जिथं ठेवाल तिथं बसते," तो म्हणाला. "मांस बसत नाही. ते सरकतं, खाली खाली जातं. खरं मांस भरून चालून बघा."

आता इथे नागपुरात मी एवढं मांस कुठून आणू, आणि ते पाठीवर घेऊन कुठे फिरू? हे मी फोनवर माझ्या मोठ्या बहिणीला गंमत म्हणून सांगितलं. तिचं सासर पारशिवनीच्या पलीकडे, जंगलाला लागून आहे.

"मंग इकडेच ये ना गा," ती म्हणाली. "रविवारी वावरातल्या देवीचा नवस फेडून राहिलो आम्ही. तीन बोकडं हायेत. नाल्यावरचा रपटा वाहून गेला, ट्रॅक्टर जात नाही. मटण डोक्यावरच न्या लागते."

रविवारी सकाळी मी बॅग घेऊन पोचलो. भाऊजी आणि बाकीची मंडळी भांडी, तांदूळ, लाकडं घेऊन आधीच शेतात गेली होती. देवीपुढे कापायची रीत नाही, म्हणून बोकडं गावातच कापली होती. ताईनं आणि मी मटण स्वच्छ कापडांत गुंडाळून बॅगेत रचलं, पट्टे आवळले. मी खाली बसून खांदे अडकवले, ताईनं मागून रेटा दिला, तेव्हा कुठे उभा राहिलो.

गाव सुटेपर्यंत पाठीला ऊब लागायला लागली. थंडीतली सकाळ, आणि माझ्या शर्टातून एक जिवंत ऊब आत येत होती. रेतीची पोती मी पाठीवर घेतली होती, पण त्या ओझ्यात आणि ह्यात काहीच सारखं नव्हतं. मी उजवीकडे वळलो की तेही क्षणभरानं वळायचं, कुणी पाठुंगळी बसल्यासारखं. वर पाहिलं तर घारी आमच्यावर गिरक्या घेत होत्या. मला त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटलं.

"खाली पाह्य गा, पडशीन," ताई म्हणाली. ती मसाल्याचा डबा काखेत धरून पुढे चालत होती.

वाहून गेलेल्या छोट्या पुलाच्या बाजूनं नाला ओलांडला. पुढे दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर गेलेली तूर, मधून आडवे धुरे, म्हणजे शेतांचे बांध. तिथं झाडावरची माकडं एकदम खॅक-खॅक ओरडायला लागली. ताई थांबली. मीही थांबलो.

समोरच्या धुऱ्यावर वाघ आला.

तो उडी मारून आला नाही, गुरगुरला नाही. तुरीतून निघाला आणि धुऱ्यावर उभा राहिला, आपल्या अंगणात आल्यासारखा. मग त्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"हलू नको," ताई पुटपुटली. "अन् पयू तं अजिबात नको."

"बॅग टाकून देऊ का?"

"काहून? त्याले पंगतीले बसवतं का?" ती वाघावरची नजर न काढता म्हणाली.

मग ती त्याच्याशी बोलायला लागली. मोठ्यानं, दारात आलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. "जाय बाप्पा. तू आपल्या वाटेनं जाय. आमी आमच्या वाटेनं जातो. देवीचं जेवन हाय."

मी त्याच्या खांद्याकडे बघत होतो. कातडीखाली तो खांदा नुसता श्वासानं वर-खाली होत होता. माझ्या पाठीवर जे होतं, त्याचाच वास त्याला येत असणार. भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली, पण नंतर. त्या वेळी एवढंच वाटलं की असं काही डोळ्यांसमोर उभं राहू शकतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चित्रं पाहिली होती, पिंजऱ्यातले पाहिले होते. हे ते नव्हतं.

त्यानं मान फिरवली आणि तो पलीकडच्या तुरीत शिरला. एक शेंग वाजली नाही.

आम्ही किती वेळ तसेच उभे होतो, सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं की तेवढा वेळ मला ओझं जाणवलंच नाही. तो गेला आणि सगळं एकदम कमरेवर आलं. ताईनं माझा दंड धरला. तसंच धरून आम्ही शेतातल्या विहिरीपाशी, मंडळी जमली होती तिथं पोचलो.

भाऊजींनी वनरक्षकाला फोन केला, बायकापोरांना विहिरीजवळ एकत्र बसवलं, मंडळींतल्या दोघांनी डबे वाजवत फेरी मारली. बॅग उघडली तेव्हा मटण सगळं तळाला सरकून एका बाजूला आलं होतं. शिवण मात्र शाबूत होती. पुढे मी आत एक आडवा पट्टा जोडला आणि ती बॅग शिकाऱ्याला पसंत पडली.

चुली पेटल्या, नैवेद्य झाला, पंगती बसल्या. ताई रस्सा वाढता वाढता वाघाची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक पंगतीला तो थोडा मोठा होत होता. मी तिला अडवलं नाही. मलाही तो तसाच दिसला होता.

उजेड असतानाच सगळे मिळून गावाकडे परत निघायचं ठरलं. भांडी घासून झाल्यावर ताई हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. ती तुरीकडे बघत होती.

"त्यानं आपल्याले पाह्यलं ना गा?" तिनं हळूच विचारलं.

"पाह्यलं," मी म्हणालो.