साडूच्या रस्त्यातली विहीर

जिल्हा कार्यालयाच्या बांधकाम विभागात नकाशांची एक खोली होती. तिथे नोंदवहीच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. कुणी कुठला नकाशा नेला, कधी परत आणला, कोपरा फाडून आणला की चहा सांडून, हे लिहून ठेवायचं काम माझं. माझ्या समोरच्या उंच, तिरक्या टेबलाशी आमचे आरेखक बसायचे. सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणायचं.

भाऊंचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. जिल्ह्यातलं प्रत्येक वळण, ओढ्यावरची प्रत्येक मोरी त्यांना तोंडपाठ. नवे साहेब यायचे, पहिले सहा महिने भाऊंना विचारल्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही, आणि सातव्या महिन्यापासून भाऊंचं नावही त्यांना आठवायचं नाही. याची भाऊंना सवय झाली होती. खरा त्रास सुरू झाला तो त्यांचे साडू आमच्याच विभागात अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हापासून.

भाऊंच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. वयाने भाऊंपेक्षा बारा वर्षांनी लहान. रस्त्यांचं काम त्यांच्याकडे, म्हणून त्यांना सगळे रस्तेसाहेब म्हणू लागले. ते खोलीत आले की कुणीतरी पंखा वाढवल्यासारखं वाटायचं. शिपायाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि वर उत्तर ऐकायला थांबायचे. ढोंगी असते तर भाऊंचं काम सोपं झालं असतं. पण ते सगळं मनापासून करायचे, आणि भाऊंना तेच सोसत नव्हतं.

"काय एवढं कौतुक त्याचं?" रस्तेसाहेब गेले की भाऊ पेन्सिलीला टोक करत पुटपुटायचे. "गाडीतून हिंडतो आणि हसतो. मलाही गाडी द्या, मीही हसेन."

मी म्हणायचे, "भाऊ, तुम्हाला विमान दिलं तरी तुम्ही हसायचे नाहीत."

घरी तर आणखीच. भाऊंच्या सासूबाई जवळच राहायच्या. दोन्ही मुली आणि दोन्ही जावई रविवारी त्यांच्याकडे जेवायला. एका रविवारी भाऊ गेले, तर कपाटाच्या काचेमागे वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं. नदीवरच्या नव्या पादचारी पुलावर रस्तेसाहेब उभे आहेत, वाऱ्याने केस उडतायत, मागे सगळा पूल दिसतोय.

"बघितलंत का?" सासूबाई म्हणाल्या. "जावई कसा उठून दिसतोय!"

भाऊंनी घसा खाकरला. "त्या पुलाचं रेखाचित्र मी काढलंय."

"हो का? पूलसुद्धा छान आलाय हो फोटोत," असं म्हणून सासूबाई पोळ्या वाढायला वळल्या.

भाऊ त्या दिवशी दीडच पोळी जेवले. घरी परतताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही त्याच्याशी जरा नीट बोलत जा ना. तो किती मान देतो तुम्हाला." भाऊ म्हणाले, "तेच तर. मान देतो आणि बाकी सगळं स्वतः घेतो." हे सगळं पुढे त्यांनीच मला सांगितलं, म्हणून मला माहीत.

तर त्याच आठवड्यात, बुधवारी, रस्तेसाहेब घाईघाईने खोलीत आले. हातात नकाशाची गुंडाळी. शाळेपुढचं अवघड वळण रुंद करायचं काम होतं. कुठल्याही कामाचा नवा नकाशा जुन्या नकाशाशी ताडून बघायचा आणि कोपऱ्यात आपली लहान सही करायची, हे भाऊंचं काम.

"भाऊ, एवढी सही करा ना. मोठे साहेब खाली गाडीत बसलेत."

भाऊंनी नकाशा पसरला, डोळे बारीक केले आणि खणाकडे हात नेला. "जुना काढतो. पाच मिनिटं थांब."

"जुना कशाला काढताय?" रस्तेसाहेब हसले. "मी स्वतः जागा पायाखाली घालून आलोय. तुमच्या त्या पिवळ्या कागदांत काय दिसणार?"

ते सहज म्हणाले होते. पण भाऊंचा हात खणावरच थांबला. मी समोरून बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पायाखाली घालून आलास ना?" ते म्हणाले. "मग घे."

आणि त्यांनी सही केली.

रस्तेसाहेब दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेले. मग भाऊंनी खण उघडला, जुना नकाशा काढला, एका जागी बोट ठेवलं आणि पुन्हा घडी करून आत टाकला. नोंदवहीत नोंद केली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

त्या जुन्या नकाशावर, वळणाच्या आतल्या बाजूला, ठिपक्यांचं एक वर्तुळ होतं. बुजवलेली विहीर. पुढे कधीतरी नकाशाची नवी प्रत काढताना ते वर्तुळ गळलं आणि मग कुणाच्याच कागदावर राहिलं नाही. भाऊंना कागदाची गरजच नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती विहीर दगडमातीने भरताना ते स्वतः काठावर उभे होते. रस्तेसाहेबांनी नकाशा पसरला त्या क्षणीच त्यांना ती आठवली होती.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी म्हणणार नाही. होतं. त्यांना वाटलं, खोदताना भसकन खड्डा पडेल, काम अडेल, मोठे साहेब चारचौघांत विचारतील की आधी बघितलं नव्हतं का, आणि मग हा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणेल, भाऊ, जरा तो पिवळा कागद काढता का? एवढंच. माणसाबिणसाचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या मनातल्या चित्रात दोनच माणसं होती, तोंड उतरलेला साडू आणि खुर्चीत बसलेले ते.

सांगायला अकरा दिवस होते. रोज सकाळी ते ठरवून यायचे की आज सांगायचं. मग रस्तेसाहेब कुणाच्या तरी मुलीच्या निकालाचे पेढे घेऊन यायचे, किंवा मोठे साहेब जिन्यात त्यांच्या खांद्यावर हात टाकून जाताना दिसायचे, आणि भाऊंच्या पोटात पुन्हा दुखायचं. आज नको, उद्या. पाचव्या दिवशी तर ते उठून दारापर्यंत गेले होते. तेवढ्यात बाहेरून रस्तेसाहेबांचा आवाज आला, "भाऊंसारखं अक्षर मला सात जन्मांत जमायचं नाही!" दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. भाऊ परत येऊन बसले. स्तुतीसुद्धा हाच करणार आणि स्तुती करणारा म्हणून नावही ह्याचंच होणार, असं त्यांना वाटलं.

बाराव्या दिवशी दुपारी फोन आला. वळणावर रोलर कलंडला होता. कडेची नवी भर दाबत असताना खालची जमीन खचली आणि एक चाक आत गेलं. चालकाने उडी मारली, पण डावा पाय अडकला. दोन ठिकाणी मोडला होता. शाळा सुटायला अर्धा तास होता.

ही बातमी मी मोठ्याने सांगितली तेव्हा भाऊंच्या हातात शाईची बाटली होती. ती त्यांनी फार सावकाश खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला आजही सांगता येणार नाही.

चौकशी लागली. दुसऱ्या विभागातल्या एक अधिकारी बाई त्यासाठी आल्या. रस्तेसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जुना नकाशा काढू नका असं मीच म्हणालो. भाऊ काढत होते. चूक माझी आहे." त्यांना निलंबित केलं. भाऊंनाही बोलावलं. भाऊ घामाघूम होऊन आत गेले आणि चार मिनिटांत बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुमची लहान सही आहे, पण ती काय, सवयीने होते. तुम्ही जाऊ शकता." भाऊ खुर्चीत बसले. "सवयीने."

नंतरच्या आठवड्यात जे झालं ते भाऊंनी मला सांगितलं नसतं तर मी विश्वास ठेवला नसता. निलंबित माणसाच्या घरी रीघ लागली. शिपाई गेला, मोठे साहेब गेले, सासूबाई तर सामान घेऊन धाकटीकडे राहायला गेल्या. दवाखान्यात रोलरचालकाची बायकोसुद्धा म्हणाली, "साहेब रोज येऊन बसतात हो, त्यांना काही करू नका." भाऊंच्या बायकोचे डोळे बहिणीसाठी सुजलेले. भाऊंना कुणी साधं विचारलं नाही की तुम्ही बरे आहात ना.

"माणूस घरी बसलाय, तोंड दाखवायला जागा नाही त्याला," भाऊ मला म्हणाले, "आणि मी त्याच्यावर जळतोय. कळतंय का तुम्हाला? मी त्याच्या निलंबनावर जळतोय!"

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी आले. माझ्याकडून नोंदवही मागून घेतली, जुन्या नकाशाची नोंद केली, वेळ लिहिली आणि तो काखेत मारून चौकशीच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. मी नोंदवही घेऊन दारात उभी राहिले, कुणी विचारलं तर कारण असावं म्हणून.

भाऊंनी नकाशा बाईंपुढे पसरला आणि वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"सही करतानाच."

"आणि अपघात तर अकरा-बारा दिवसांनी झाला."

"बाराव्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

भाऊंनी नकाशाची मुडपलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "बाई, तो माझा साडू आहे."

बाईंनी चष्मा काढला. "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

त्यावर भाऊंनी खिशातून कागद काढून दिला. सगळं लिहून आणलं होतं, त्या छापल्यासारख्या अक्षरात, कुठे खाडाखोड नाही. 'मत्सरामुळे' हा शब्दही त्यात होता.

पुढे मी त्यांना एकदा विचारलं, की हे तुम्ही पश्चात्तापाने केलंत की कसं? ते म्हणाले, "खरं सांगू? पायाचं ऐकून काळजाला घरं पडली होती, ते खोटं नाही. पण उठून गेलो ते त्या 'सवयीने'मुळे. एवढा मोठा दोष, तोही सगळा त्याचाच? माझं काहीच नाही?"

रस्तेसाहेबांना ताकीद देऊन परत घेतलं. भाऊंची बढती कायमची गेली आणि बदली झाली दूरच्या उपकार्यालयात. जायच्या आदल्या दिवशी रस्तेसाहेब नकाशांच्या खोलीत आले. मला वाटलं, गळाभेट होणार. कसलं काय. ते उभ्यानेच बोलले.

"भाऊ, माझी नोकरी गेली असती तरी मी काही म्हटलं नसतं. पण तो माणूस मेला असता. शाळेतली पोरं असती तिथे. तुम्हाला माझ्या तोंडावर एक शब्द फेकता आला नाही?"

"नाही आला."

"मग आता मलाही नाही येत," असं म्हणून ते निघून गेले. दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं. बहिणी दुपारी फोनवर बोलायच्या, तेवढंच. भाऊंची बायको महिनाभर त्यांच्याशी 'जेवण झालंय' आणि 'दार लावा' याखेरीज बोलली नाही.

रोलरचालक कुबडीवर आला. त्याला ऑफिसच्या गोदामावर बसायचं काम मिळालं, योगायोगाने भाऊंच्याच उपकार्यालयाशेजारी. भाऊ पहिल्या दिवशी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माफी ठेवा तुमच्यापाशी. मला एवढं सांगा, अशा आणखी किती विहिरी आहेत?"

तो प्रश्न भाऊंच्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते जुने नकाशे घेऊन गावोगाव हिंडायला लागले. बुजवलेली विहीर, गाळाने बुजलेलं टाकं, पडीक खाण, जे सापडेल ते. चालक कुबडी घेऊन सोबत. तो म्हाताऱ्यांना बोलतं करण्यात पटाईत. "आजोबा, इथे पाणी कुठे भरायचात?" असं विचारलं की म्हातारे थेट जागेवर नेऊन उभं करायचे. भाऊंना मात्र सगळे नुसते पाणी विचारायचे, बसा म्हणायचे. यावरही ते थोडे जळायचे, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

चार वर्षांत त्रेसष्ट जागा झाल्या. यादी मुख्य कार्यालयात गेली. तोवर रस्तेसाहेब मोठे साहेब झाले होते. ही यादी बघितल्याशिवाय जिल्ह्यात फावडं लागणार नाही, असा त्यांनी आदेश काढला, आणि यादी छापून सगळीकडे पाठवली. वर नाव फक्त त्यांचं, आदेश काढणाऱ्याचं.

भाऊ पहिल्या बसने आले. माझ्याकडे न बघता थेट साहेबांच्या खोलीत. पाच वर्षांत दोघं समोरासमोर आले नव्हते.

"ह्यात आमची नावं का नाहीत?" भाऊंचा आवाज बाहेरपर्यंत आला. "माझं नको असेल तर नको. पण त्याने कुबडीवर अर्धा जिल्हा तुडवलाय!"

मग साहेबांनी शिपायाला दोन चहा सांगितले.

दुसऱ्या छपाईत दोन्ही नावं आली, चालकाचं वर आणि भाऊंचं खाली. प्रत न्यायला आलेल्या भाऊंनी माझ्याच टेबलावरून लगेच साहेबांना फोन लावला. "माझं खाली का?"

"अक्षरांच्या क्रमाने आहे, भाऊ," साहेब म्हणाले.

भाऊंनी फोन ठेवला, नोंदवहीच्या कडेला दोन्ही नावं एकाखाली एक लिहून बघितली आणि मान हलवली.

"बरोबर आहे," मला म्हणाले. "तरी दोन दिवस वाईट वाटणारच."