कपाळ पुसून आलेली

माझी थोरली जाऊ विजयलक्ष्मी, आमची विजी, बंगळूरला उपग्रह शिवायची. हसू नका, खरंच शिवायची. वर ऊन आणि गारठा दोन्ही जीवघेणे, म्हणून उपग्रहाला चकचकीत, पातळ पदरांची गोधडी घालतात. ती शिवणाऱ्यांत ही एक. माझे दीर मुरलीकृष्ण तंजावुरात बँकेत, त्यामुळे दोघांचा संसार रेल्वेच्या भरवशावर.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. समुद्रात अडकलेल्या जहाजांची हाक टिपणारा उपग्रह तयार होत होता. उपग्रह जोडतात त्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. फुलं, पावडर, काचेच्या बांगड्या, कुंकू, सगळं दाराबाहेर उतरवायचं. दिरांच्या छातीत कळ आल्याचा फोन गेला तेव्हा विजी आत होती. पांढरा कोट काढला आणि तशीच बस स्टँडकडे धावली.

राजवाड्यामागच्या आमच्या घरात ती शिरली तेव्हा दीर शुद्धीवर होते, बोलत होते. सासूबाईंनी तिचं उघडं कपाळ आणि रिकामे हात पाहिले.

"अगे, काय म्हणून अशी आलीस? तो आहे की अजून!"

मी कुंकवाचा करंडा आणायला पळाले. विजीने कुंकू लावलं. संध्याकाळी दीर गेले.

मग गल्लीला विषयच मिळाला. हिनेच नवऱ्याला खाल्लं म्हणे! मी नळावर दोघीतिघींशी कडाकडा भांडले. बांगड्यांवर कुणाचं काळीज चालतं का? विजी मात्र भांडली नाही, रडलीही नाही. वाढलं तर जेवायची, सांगितलं तर झोपायची. मला तिची भीती वाटायला लागली. तिनं कामावर परत जावं एवढंच मला हवं होतं. इथे राहिली असती तर संपली असती.

काही आठवड्यांनी परदेशातून उपग्रह उडाला. शेजारच्या टीव्हीसमोर मीच तिला ओढत नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तुझी गोधडी वर पोचली गं!"

"हं," ती म्हणाली.

पुढच्या उपग्रहासाठी ऑफिसातून बोलावणं आलं. इतके दिवस तिच्याशी न बोललेल्या सासूबाईंनी विचारलं, "जाणार तू?"

"जाते, अम्मा."

"तिथंच तर सगळं उतरवलंस. परत त्याच दारात?"

विजी साडीची घडी घालत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"अत्ता उतरवायला काही नाही, अम्मा. सरळ आत जाते."

मी, एवढी भांडखोर बाई, स्वयंपाकघरात जाऊन रडले. विजीने दुसरी साडी घडीला घेतली.