मनकर्णाच्या आतला मुकादम

तर काल गोष्टीत आमच्या छावणीतला बंकट लिंबू घेऊन पळत आला, तिथवर आलो होतो. मनकर्णाच्या अंगात देवी आली, असंच साऱ्या छावणीला वाटलं हो!

आज नव्यानं बसलेत त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. दुष्काळाचं साल. तलवाड्याच्या शिवारात आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडलेली. जनावरं दावणीला अन् त्यांच्यामागं माणसंही तिथंच मुक्कामाला. मनकर्णा आमच्या भावकीतली, जन्म ऊसतोडीत गेलेला. स्वतः बसायची नाही, दुसऱ्याला बसू द्यायची नाही. सून साखरा ओली बाळंतीण, पण तिलाही, "ऊठ गं, शेण काय तुझा बाप भरील?" शेवटी साखरानं गाठोडं बांधलं. "माहेरी चालले. परत यायची न्हाई."

मनाची दुखणी ऐकून घेणाऱ्या एक बाई बीडहून छावणीत यायच्या. त्यांनी मनकर्णाला कडब्याच्या गंजीआड नेलं. आता गंजीचा आडोसा तो केवढा! आमचे सगळ्यांचे कान तिकडंच.

"मावशी, तुमच्या आत कोण ओरडतंय?"

"मुकादम. ऊसतोडीच्या टोळीवरचा."

"मग विचारा त्याला, कशाला भिऊन ओरडतो?"

मनकर्णानं डोळे मिटले अन् गरजली, "का बे मुकादमा, कावून वरडतो सारखा?"

साऱ्यांना वाटलं, देवीच आली! बंकट लिंबू घेऊन धावला, कुणी हळद-कुंकू आणलं. म्हातारी रुक्मिणीबाई तर पायांवरच पडली, "आई, पाऊस कधी पाडतीस गं?" बाईंनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मनकर्णाच्या तोंडून बारीक आवाज आला, पोरीसारखा. "मी तापानं उसाच्या सरीत बसले व्हते. डोळा लागला. टोळीची गाडी गेली. आई बी गेली... मुकादम म्हन्तो, बसलीस की गाडी जाती."

लहानपणी मनकर्णानं एकटीनं अख्खी रात्र उसाच्या फडात काढलेली, अन् भावकीत कुणाला पत्ता नाही! बंकटच्या हातातलं लिंबू हातातच राहिलं. मनकर्णानं डोळे उघडले, गाठोडं घेऊन निघालेल्या साखराच्या हातातला तान्हा नातू आपल्याकडं घेतला अन् म्हणाली, "बस गं बाई." मग साखरा गाठोडं खाली ठेवून त्यावरच बसली.

पुढं एकदा मी विचारलं, "मनकर्णे, त्या मुकादमाला हाकललंस का मग?"

ती हसली. "हाकलू कावून, आप्पा? माझ्यासाठीच वरडत व्हता की बिचारा. त्याला बाजंवर बसवलं, तांब्याभर पानी दिलं, अन् म्हनलं, निवांत ऱ्हा, आता गाडी कुठंच जात न्हाई."