नव्या सातूची ऊब

मी चौथी नापास. पण भिजवलेला सातू फरशीवर कसा पसरायचा आणि मोड येताना लाकडी फावड्यानं कधी परतायचा, हे मला कुणी शिकवू नये. येलहंक्याच्या शेडमध्ये तोच मोड आलेला सातू भट्टीत वाळवून आम्ही माल्ट करतो. मालकांनी मात्र सांगून ठेवलं होतं, "अण्णा, एक ढीग नासला तरी फरशी बंद. यंत्र आणणार."

तेवढ्यात नव्या वाणाचा सातू आला. टपोरा, साच्यातून काढल्यासारखा एकसारखा. लॅबमधली पुण्याची पोरगी म्हणाली, "काका, हे वाण खास माल्टसाठीच तयार केलंय. सगळे दाणे एकदम फुटतात. आज संध्याकाळीच परता."

"कधी परतायचं ते सातू मला सांगतो."

"सांगितलं की मलाही कळवा हं!"

जुन्या सातूत काही दाणे लगेच फुटत, काही रुसून बसत. ढीग सावकाश तापे. सकाळचा चहा झाला की मी कोपरापर्यंत हात घालायचो आणि कोमट लागलं की परतायचो. त्या संध्याकाळी परतलंच नाही, दुसऱ्या सकाळीच हात घातला. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कुशीत गेल्यासारखा वाटला. सगळ्या दाण्यांनी एकदमच मुळं सोडली होती, गुंतून गोधडी झाली होती. आंबूस वास येतोय का, तेही कळेना. भीतीनं नाकच चालेना. मालकांची गाडी कुठल्याही क्षणी फाटकात येणार होती.

"काका, बघत काय उभे राहिलात?" पोरगी चपला काढून, फावडं घेऊन फरशीवर उतरली. आम्ही सगळ्या कामगारांनी गोधडी फोडली, सातू पातळ पसरला, खिडक्या उघडल्या. दुपारी हात घातला तेव्हा कुठं गार लागला.

मोड पुरते आल्यावर मी नेहमीसारखा एक दाणा भिंतीवर खडूसारखा घासला. जुन्या दाण्याची रेघ शेवटी अडायची. टोक टणक राहिलेलं असायचं, आणि ते किती टणक हे पाहून ढीग आणखी ठेवायचा की काढायचा, ते मी ठरवायचो. ही रेघ शेवटपर्यंत पांढरी गेली. दुसऱ्या दाण्याचीही. मला ठरवायला काही उरलंच नव्हतं.

"सरी आहे ना, अण्णा? सगळं ठीक?" मालकांनी विचारलं.

"सरी," मी म्हणालो.

फरशी वाचली. पण घरी जाताना बसमध्ये मी बोटाला लागलेली पांढरी पूड चोळत बसलो. रेघ अडायचीच नाही, तर उद्या मला विचारणार कोण?

सातूनं काय सांगितलं, ते पोरीला कळवायचं अजून बाकी आहे. पण पुढच्या ढिगापासून हात आधी, चहा नंतर.